भर घालणे

६ जानेवारी

प्रिय मावशी,

हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. माझं वाक्य अर्ध्यात असतं आणि तू म्हणतेस, "थांब हं, गिऱ्हाईक आलंय." गिऱ्हाईक आलेलं नसतं, मला मागे मशीनचा आवाजही येत नसतो. कागदावर निदान मधेच कोणी तोडत नाही. तर आता नीट बस. मशीनच्या स्टुलावर नको, खुर्चीवर बस.

मी छातीची शस्त्रक्रिया करून घेणार आहे. घाबरू नकोस. गाठ नाही, आजार नाही, काही नाही. काही नाही म्हणूनच करून घेणार आहे.

डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, घाई करत नाहीत. त्यांनी तीन प्रकार सांगितले. पहिल्यात सिलिकॉनची पिशवी स्नायूच्या वर, कातडीखाली बसवतात. लवकर बरं होतं, हातांची ताकद जात नाही. पण माझ्यासारख्या काडीच्या अंगावर पिशवीच्या कडा दिसू शकतात, सुरकुत्याही पडतात. दुसऱ्यात तीच पिशवी स्नायूच्या खाली जाते. दिसायला अगदी खरं वाटतं, पण पोहायला शिकवताना पाणी मागे ओढायला मला हाच स्नायू लागतो. ताकद थोडी जाईल, आणि पोहताना पिशवी हलताना दिसेल. तिसऱ्यात मांडीची चरबी काढून छातीत भरतात. त्यातली बरीचशी जिरून जाते, आणि माझ्या मांडीत आहे काय, तर दोन चमचे.

दवाखान्याचं माहितीपत्रक सोबत जोडते. तुझ्या दुकानात काजं करते त्या काजवालीला चित्रं दाखवू नकोस.

मी परवानगी मागत नाही आहे. चौतीस वर्षांची झाले. पण तुझा जन्म बायकांच्या अंगावर कापड बसवण्यात गेला. कुठे किती शोभतं हे तुझ्याइतकं कोणाला कळत नाही. करू की नको हे नको सांगूस. करायचंच असेल तर तिन्हींतलं कुठलं, एवढंच सांग.

तुझी,
बेडकी


११ जानेवारी

प्रिय बेडके,

पत्र खुर्चीवर बसूनच वाचलं. मग खुर्चीतून उठवेना.

कोण आहे तो? खरं सांग, मी रागावणार नाही. काजवालीला चित्रं दाखवली नाहीत, पण तिचे डोळे म्हणजे सुईच्या नाकातून पलीकडचं बघणारे. माझ्या खांद्यावरून तिने सगळं वाचलं आणि म्हणाली, "कोणाच्या डोळ्यांत भरायचंय हिला?" मी तिला गप्प केलं, पण तोच प्रश्न माझाही आहे. कोणी काही बोललं असेल, तर त्याला माझ्याकडे पाठव. त्याच्या शर्टाची कॉलर अशी बसवून देईन की जन्मभर मान वळणार नाही.

चरबीचं वाचून मात्र आम्ही दोघी खूप हसलो. आमच्याकडे त्याला तोटा नाही. एका भाचीचं काय, दोन भाच्यांचं भागेल. काजवाली म्हणते, पोट माझं घ्या, फक्त पोचवायची सोय करा. दुसऱ्याचं चालत नाही ना? नसेलच चालत. चांगलं सोपं असतं ते कुठे चालतं.

बाळ, कशाला गं हे? आमच्या मिशनच्या शाळेत शिवणाच्या सिस्टर होत्या. टेबलावर एवढंसं कापड टाकायच्या आणि म्हणायच्या, "मुलींनो, जेवढं दिलंय तेवढ्यात बेता. वाढवून मागायचं नाही." तेव्हा त्यांचा राग यायचा. आता वाटतं, त्यांनी शिवणाचं सोडून बाकीचंच सगळं शिकवलं.

तू नऊ वर्षांची माझ्याकडे आलीस, आई गेल्यावर दोन महिन्यांनी. तीन आठवडे बोलली नाहीस. मग शेजारणीच्या मुलींबरोबर तलावावर गेलीस आणि ओल्या केसांनी परत येऊन म्हणालीस, "मावशी, पाण्याखाली कोणी काही विचारत नाही." त्या दिवशी मी तुझं नाव बेडकी ठेवलं. शाळेच्या निरोप समारंभाला तुला निळा झगा शिवला होता, आठवतो? कंबरेत चुण्या, गळा चौकोनी. दारातून बाहेर पडलीस तेव्हा मी आणि काजवाली बघतच राहिलो. त्या दिवशी कोणाची हिंमत झाली असती म्हणायची, की या मुलीत काही कमी आहे?

अंगाला सुरी लावून घेऊ नकोस. मी काय सांगते ते ऐक.

अनेक आशीर्वाद.
तुझी मावशी


१९ जानेवारी

प्रिय मावशी,

मी विचारलं ते तू सांगितलं नाहीस, आणि नको म्हटलं तेवढंच सांगितलंस. असो.

"तो" कोणी नाही. होता. चष्म्याच्या दुकानातला, तुला आवडलेला. तू मला तीनदा विचारलंस तुमचं का मोडलं, आणि तिन्ही वेळा मी वेगळं कारण दिलं. आता खरं लिहिते. एका रविवारी मी कपडे बदलत होते आणि तो पलंगावरून प्रेमाने म्हणाला, "मला चालतं." भाजीत मीठ कमी पडलं की पाहुणे म्हणतात तसं. मी काही विचारलं नव्हतं. त्याच्या मनात वाईट नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. माणूस वाईट असता तर भांडता आलं असतं.

आता निळ्या झग्याचं.

निरोप समारंभाला प्रत्येक मुलीला छातीवर कापडाचं फूल लावत होते. माझ्या वर्गातली एक लावायला आली. तिने टाचणी खोचली. ती डोक्यापर्यंत आत गेली आणि मी हललेही नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मग दुसरी खोचली. मग तिसरी. मला वाटलं फूल नीट बसत नाहीये, म्हणून मी हसत उभी होते. हात बाजूला करून, तिला सोयीचं व्हावं म्हणून. मागे चौघी हसायला लागल्या तेव्हा खाली पाहिलं. सात टाचण्या होत्या, मावशी. मला एकही लागली नव्हती.

मला पिनकुशन म्हणायला लागल्या. शाळा संपली तरी त्या सगळ्या सुट्टीभर तलावावर यायच्या, आणि पोहायच्या कपड्यात तर आत काही लपत नाही.

त्या संध्याकाळी तू काजवालीला सोडायला गेली होतीस. मी झग्याचं अस्तर उसवलं. मला वाटत होतं, नव्या कापडाचा ताठपणा असेल. आत दोन्ही बाजूंना स्पंज होता, तीन थर, कडा अशा सफाईने दुमडलेल्या की कोणालाही वाटावं अंगच आहे. मग तुझी मापांची वही काढली. माझं पान. छाती अठ्ठावीस. आणि पुढे तुझ्या त्या शाळेतल्या वळणदार अक्षरात: भर घालणे.

मी अस्तर परत शिवून ठेवलं. तू आलीस आणि विचारलंस, "कसा झाला समारंभ?" मी म्हटलं, छान. तू खूश झालीस.

तुला दोष देत नाही. पण माझ्यात काही कमी आहे हे मला कोणी सांगितलं, असं विचारतेस, म्हणून सांगितलं. तू मला विचारायला हवं होतंस. विचारलं असतंस तर कदाचित मीच हो म्हटलं असतं.

शस्त्रक्रियेचं जवळजवळ ठरलंय. पुढच्या महिन्यात परत भेटायला जायचं आहे.

बेडकी


२ फेब्रुवारी

प्रिय बेडके,

दहा दिवस झाले, रोज कागद घेते आणि परत ठेवते. काजवालीला सांगितलं. ती दिवसभर काजं करत बसली आणि जाताना म्हणाली, "तो स्पंज मीच कापला होता."

माझी बाजू सांगू का? सांगते, मग हवं तर फाडून टाक. माझ्या दुकानातून निघणाऱ्या निम्म्या कपड्यांत भर असते. नवऱ्या मुली असतात, शिक्षिका असतात, एक तर न्यायाधीशीण आहे. कोणाला काही होत नाही. माझ्या वहीत तो शब्द शंभर पानांवर आहे. खांदा उतरता असेल तर खांद्याला भर, पाठीत बाक असेल तर पाठीला. लिहिताना मी तुझा विचार केला नाही. मी झग्याचा विचार केला. हे लिहिताना कळतंय, की हे समर्थन नसून गुन्ह्याची कबुली आहे.

आणखी एक. मी बारा वर्षांची असताना माझं अंग एकदम भरलं. शिवणाच्या सिस्टरनी मला बाजूला घेतलं आणि वीतभर रुंदीची पट्टी शिवायला लावली. ती छातीला करकचून बांधायची, वर गणवेश. उन्हाळ्यात कातडी सोलायची. मी चार वर्षं पोक काढून चालले, अजूनही चालते, तू नक्कल करायचीस त्याची. तू सोळाची झालीस तेव्हा मला वाटलं, ही मान वर करून चालू दे. सिस्टरनी मला जे केलं त्याच्या अगदी उलट करायचं, एवढंच डोक्यात होतं. उलट करूनही तेच होतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

आता मी मधे पडणार नाही. तुझं शरीर, तुझा निर्णय. तुझ्या डॉक्टरीणबाई समजूतदार दिसतात, तुझ्या पोहण्याचा विचार त्या नक्की करतील.

मावशी


२० फेब्रुवारी

मावशी,

काल दवाखान्यात गेले. काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

मी ठरवून गेले होते. स्नायूच्या वर. कडा दिसल्या तर दिसू देत, हात शाबूत राहतील. तलावावरच्या बायकांचा वर्ग माझा आहे, पन्नाशीच्या बायका, पाण्याला घाबरणाऱ्या. त्यांना मी हातावर धरून तरंगवते. ते हात मला हवेत.

डॉक्टरीणबाईंनी फाइल उघडली आणि हसल्या. म्हणाल्या, "तुमच्या आई फार काळजी करतात हो."

मी म्हटलं, "मला आई नाही."

त्या गोंधळल्या. म्हणाल्या, "पण हे पत्र? मला वाटलं तुम्हीच पाठवायला सांगितलं." आणि त्यांनी तुझं पत्र काढलं. बारा जानेवारीचं. म्हणजे मला "ऐक" लिहिलंस त्याच्या दुसऱ्या दिवशीचं. "ती पोहायला शिकवते, स्नायूखाली अजिबात करू नये. खांदे अरुंद आहेत, सोबतच्या मापापेक्षा मोठं नको." आणि पाकिटातून त्यांनी ते सोबतचं माप काढलं. खाकी कागदाचा बेत, कापड कापण्याआधी करतेस तसा. माझी छाती, कागदाची, कापलेली, घडी घातलेली. त्यांनी ती टेबलावर उलगडली आणि तळहाताने सपाट केली. म्हणाल्या, "काय सुंदर काम आहे." नर्स बघत होती.

खाली सही होती: मुलीची आई.

पंचवीस वर्षं मावशी. दहा वर्षांची असताना मी एकदा चुकून आई म्हटलं, तर तू म्हणालीस, "आई एकच असते. मी मावशी." मी परत म्हटलं नाही. तो शब्द तू पहिल्यांदा लिहिलास तो अशा कागदावर, जो मी बघायचा नव्हता.

मी तुला विचारलं होतं, कुठलं बरं. ते तू मला सांगितलं नाहीस. त्यांना सांगितलंस. आणि या महिन्यात मला लिहिलंस, की मधे पडणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मग, वरच ना?" मी म्हटलं, "नाही. खाली." त्या म्हणाल्या, मागच्या वेळी तुम्ही वेगळं बोलत होतात, घरी जा, विचार करा. मी म्हटलं, विचार झाला.

तुझ्या पत्रामुळे हे झालं. तुला ते कळावं म्हणून लिहिते आहे. तारीख सांगणार नाही. येऊ नकोस.


२५ फेब्रुवारी

बाळ,

स्नायूखाली नको. माझ्यावरचा राग माझ्यावर काढ. मला पत्र लिहू नकोस, माझं तोंड बघू नकोस, पण हातांवर काढू नकोस. मी लिहिलं म्हणून ते खोटं ठरत नाही गं. ते तुझंच होतं, तू आधीच ठरवलेलं होतंस. मी मधे आले नसते तर तू तेच केलं असतंस. मी नव्हतेच असं समज.

आई लिहिलं, कारण वाटलं, मावशीचं कोण ऐकणार.

मावशी


३० मार्च

बाळ,

उत्तर नाही. फोन वाजतो आणि बंद होतो. तलावावर फोन केला, तिकिटं देणारी म्हणाली, तू रजेवर आहेस. किती दिवस, तर सांगायची परवानगी नाही म्हणाली. मी म्हटलं, मी तिची मावशी. ती म्हणाली, हो, माहीत आहे.

म्हणजे झालं असणार.

दुखतं का? एवढंच कळव. एका शब्दात कळवलंस तरी चालेल.

मावशी


२० मे

मावशी,

दुखत होतं. आता नाही.

खालीच केलं. डॉक्टरीणबाईंनी आठवड्याने परत विचारलं होतं, मी तेच सांगितलं. त्यांची काही चूक नाही. पहिले दहा दिवस हात खांद्याच्या वर जात नव्हते. शेजारच्या बाई केस विंचरून द्यायच्या.

दिसायला सुंदर आहेत. हे मी तुला चिडवायला लिहीत नाही, खरंच आहेत. उभी राहिले की कोणी म्हणणार नाही की हे आतून घातलंय. ज्या दिवशी पट्टी सोडली त्या दिवशी मी आरशासमोर गेले, आणि पहिला विचार काय आला माहीत आहे? मावशीला आवडेल का. नर्स मागे उभी होती. तिला वाटलं मी आनंदाने रडते आहे, तिने रुमाल दिला.

गेल्या आठवड्यात पाण्यात उतरले. हात पुढे टाकून पाणी मागे ओढलं की दोन्ही बाजू एकमेकींपासून दूर सरकतात आणि परत येतात. पोहायच्या कपड्यातून दिसतं. मी वर्ग घेत होते. एक आजी, ज्यांना मी दोन वर्षांपूर्वी पाण्यात पाय ठेवायला शिकवलं, त्या म्हणाल्या, "तुला काही लागलंय का गं?" मी म्हटलं, नाही. पूर्वी चाळीस फेऱ्या मारायचे, आता आठ. डॉक्टरीणबाई म्हणतात ताकद बरीचशी परत येईल, हलणं राहील. त्यांनी आधीही हेच सांगितलं होतं. मी ऐकलं होतं.

सध्या काठावर उभी राहून शिकवते. हातात लांब काठी असते, घाबरलेल्या बाईने धरायला. बायका काठी धरतात, पण तरंगत नाहीत. त्यांना हात लागतो.

तू बरोबर होतीस. हे लिहून टाकते म्हणजे एकदाचं होऊन जाईल. तू बरोबर होतीस आणि मला ते अजिबात नको होतं.

भाची


२६ मे

बाळ,

चार कागद फाडले. पहिल्यात लिहिलं होतं, छानच दिसत असणार. फाडला. दुसऱ्यात लिहिलं, मी सांगत होते. तो तर चुलीत घालण्याच्या लायकीचा होता. तिसऱ्यात देव आला, चौथ्यात मी रडत होते आणि तुला ते वाचायला लागलं असतं.

मग काजवालीने विचारलं, "तिला काय हवंय?" मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला माहीत नाही. मला तुझं खांद्यापासून कंबरेपर्यंतचं अंतर पाठ आहे, डावा खांदा पाव इंच खाली आहे हे पाठ आहे. हे मात्र माहीत नाही.

म्हणून मी काही सांगत नाही. विचारते.

येऊ का?

टेप आणणार नाही. काही शिवून आणणार नाही. काजवालीलाही नाही. दोन दिवस, किंवा एक दुपार, किंवा तू सांगशील तेवढं. हो म्हण किंवा नको म्हण. मी मनाला लावून घेणार नाही असं लिहिणार होते, पण तेही खोटं. घेईन. तरी तू तुला हवं तेच लिही.

मावशी


३ जून

मावशी,

नको.

हे लिहायला मला चार दिवस लागले. आधी हो लिहिलं होतं, पाकीटही बंद केलं होतं. मग वाटलं, तू विचारलंस, तर निदान खरं सांगावं.

तू आलीस की दारातच माझ्याकडे बघशील. टेप तुला कधी लागलीच नाही, तुझे डोळेच माप घेतात. तू घेणार नाही म्हणशील आणि मान वळवून बसशील, पण तोवर घेऊन झालेलं असेल. आणि मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत राहीन, पास की नापास. तू हसलीस तरी मला सहन होणार नाही, आणि नाही हसलीस तर त्याहून नाही.

काजवालीला सांग, तिच्यावर राग नाही.

तलाव सहाला उघडतो. मी पाचला किल्ली घेऊन जाते आणि कोणी नसताना उतरते. काल दहा फेऱ्या झाल्या. अकरावीला हात उचलेनात, तेव्हा काठाला धरून उभी राहिले, पाणी थांबेपर्यंत.

भाची